दहा थर लागले, पण फोटो ब्लर आला! दोष फोनचा, कॅमेऱ्याचा की आपला?

१६ ऑगस्ट २०२५ ला ठाण्यात जोगेश्वरीच्या कोकण नगर गोविंदा पथकाने दहा थर रचले. तोपर्यंत नऊ थर म्हणजे कळस, असंच सगळे धरून चालले होते. अशा वेळी खाली उभ्या असलेल्या गर्दीत हजारो फोन वर झालेले असतात. पण सगळ्यात वरच्या गोविंदाचा चेहरा, त्याने सलामीसाठी उचललेला हात, हे सगळं स्पष्ट दिसणारा फोटो किती जणांना मिळतो? बहुतेकांच्या गॅलरीत एक हललेला व्हिडिओ, चार ब्लर फोटो आणि समोरच्याच्या डोक्याचा क्लोज-अप, एवढंच उरतं.

मग सुरू होतं सर्चिंग. "इव्हेंट फोटोग्राफीसाठी कोणता कॅमेरा घेऊ?" तेवढ्यात सणासुदीचा सेल लागतो, नो-कॉस्ट ईएमआयची ऑफर दिसते, आणि पहिली ऑर्डर मिळायच्या आधीच डोक्यावर वर्षभराचा हप्ता बसतो.

थांबा. आधी हे समजून घेऊ की धावत्या, उडत्या, नाचत्या गोष्टींचा फोटो नेमका कुठे बिघडतो. कारण जाहिराती सांगतात मेगापिक्सेल, १०० एक्स झूम आणि एआय. प्रत्यक्षात अ‍ॅक्शन फोटो ठरतो तीन गोष्टींवर: प्रकाश किती आहे, शटर किती वेळ उघडं राहतं आणि तुम्ही कुठे उभे आहात. पैसे खर्च करायचे असतील तर ते या तिघांसाठीच.

ब्लर दोन प्रकारचा असतो

पहिला ब्लर आपल्या हाताचा. हात हलला की सगळा फोटो हलतो. यावर फोनमध्ये ओआयएस असतं आणि ते चांगलं कामही करतं.

दुसरा ब्लर समोरच्या माणसाच्या हालचालीचा. यावर ओआयएसचा काडीचाही उपयोग नाही. फोन कितीही स्थिर असला तरी समोरचा हललाच ना!

छोटं गणित बघा. थरावरून कुणी एक मीटर खाली आला, तर त्या क्षणी त्याचा वेग सेकंदाला साधारण ४.४ मीटर असतो. तुमचं शटर १/६० सेकंद उघडं असेल, तर तेवढ्यात तो सात सेंटीमीटरहून जास्त सरकतो. म्हणजे चेहरा पुसल्यासारखा दिसणार. तेच शटर १/१००० असेल तर तो जेमतेम साडेचार मिलिमीटर सरकतो आणि फोटो शार्प येतो. फोन तोच, माणूस तोच, फरक फक्त शटरचा.

आता गंमत अशी की भर उन्हात फोन हे आपोआप करतो. फोनच्या लेन्सचं अ‍ॅपर्चर मोठं असतं, समजा एफ/१.८, आणि बहुतेक फोनमध्ये ते बदलताच येत नाही. त्यामुळे कडक उन्हात फोनला शटर १/४००० च्या आसपास न्यावंच लागतं, नाहीतर फोटो पांढराफटक होईल. म्हणून दुपारच्या दहीहंडीत किंवा बैलगाडा शर्यतीत फोनचे फोटो बरे येतात.

संध्याकाळ झाली की चित्र उलटतं. मंडपात किंवा हॉलमध्ये प्रकाश इतका कमी असतो की एफ/१.८ लेन्स असूनही १/५०० शटरसाठी आयएसओ २५०० च्या आसपास न्यावा लागतो. फोनच्या छोट्या सेन्सरला ते झेपत नाही, म्हणून तो शटर खाली आणतो किंवा नाइट मोड चालू करतो. नाइट मोड म्हणजे काय? एकापाठोपाठ अनेक फोटो काढून ते एकमेकांवर बसवणं. समोर देऊळ असेल तर निकाल झकास. समोर ढोल वाजवणारी मुलगी असेल तर तिच्या हाताच्या जागी धूर!

मेगापिक्सेलपेक्षा सेन्सर किती मोठा ते बघा

मिड-रेंज फोनच्या मुख्य कॅमेऱ्याचा सेन्सर साधारण ५० चौरस मिलिमीटरचा असतो. एपीएस-सी कॅमेऱ्याचा सुमारे ३६५, आणि फुल-फ्रेमचा ८६४. सेन्सर म्हणजे पावसात ठेवलेलं पातेलं समजा. पातेलं जेवढं रुंद, तेवढं पाणी जास्त.

मग २०० मेगापिक्सेलचं काय? असे फोन बहुतेक वेळा १६ पिक्सेल एकत्र करून साधारण १२ मेगापिक्सेलचा फोटो देतात, कारण एकेका पिक्सेलला पुरेसा प्रकाशच मिळत नाही. आणि झूम केलं की फोन बऱ्याचदा दुसऱ्या, आणखी छोट्या सेन्सरवर जातो. त्यामुळे "रात्री, लांबून, हलणारी गोष्ट" या तिन्ही अटी एकत्र आल्या की चांगल्यातला चांगला फोनही दमतो.

पण कॅमेरा घेतला म्हणजे प्रश्न सुटला, असंही नाही. कॅमेऱ्यासोबत मिळणारी १८-५५ किट लेन्स वाइडला एफ/३.५ आणि झूमला एफ/५.६ असते. एपीएस-सीचा सेन्सर फोनच्या सातपट, पण एफ/३.५ ला लेन्समधून येणारा प्रकाश एफ/१.८ च्या जेमतेम पावपट. दोन्हीचा हिशेब केला तर वाइड फ्रेममध्ये फोनच्या तुलनेत फायदा उरतो साधारण दुपटीचा. एवढा फरक फोन सॉफ्टवेअरने बराचसा भरून काढतो. झूम करून एफ/५.६ वर गेलात, तर त्याच मंडपात १/५०० शटरसाठी आयएसओ २५,००० च्या घरात जावं लागेल. म्हणजे दाणेदार फोटो.

"एवढा महागडा कॅमेरा घेतला आणि लग्नातले फोटो फोनसारखेच आले" या तक्रारीचं मूळ बऱ्याचदा इथे असतं. बॉडीवर पैसे गेले, लेन्स किटचीच राहिली.

झूममध्ये एआय आला, आता फोटो खरा कुठला?

इथे एक ताजी भानगड समजून घ्यायला हवी. मार्च २०२३ मध्ये सॅमसंगच्या फोनने काढलेल्या चंद्राच्या फोटोवरून मोठा वाद झाला होता. एका रेडिट युजरने मुद्दाम ब्लर केलेल्या चंद्राच्या चित्राचा फोटो काढला, तर फोनने त्यात डिटेल भरून दिले. ऑगस्ट २०२५ मध्ये गूगलने पिक्सेल १० प्रो मालिकेत १०० एक्सपर्यंतचं झूम आणलं. त्यात तर जनरेटिव्ह एआय उघडपणे वापरला जातो. म्हणजे सेन्सरला जे दिसलंच नाही, ते मॉडेल अंदाजाने रंगवतं.

स्वतः गूगलने हे तंत्र माणसांवर वापरायचं नाही अशी मर्यादा घातली आहे, आणि एआय वापरला गेला की नाही याची नोंद फोटोतच ठेवण्याची सोय दिली आहे. कंपनीच माणसांच्या चेहऱ्याबाबत हात आखडता घेते, यातच सगळं आलं.

आपल्यासाठी हे का महत्त्वाचं? दहीहंडीत वरच्या थरावर चढलेला मुलगा १४ वर्षांखालचा आहे का, त्याने हेल्मेट घातलंय का, सेफ्टी रोप लावलाय का, हे प्रश्न कोर्टापर्यंत गेलेले आहेत. राज्य सरकारने २०२२ मध्ये दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा जाहीर केला, त्यानंतर तर अपघात, विमा आणि नियम यांची चर्चा वाढलीच. अशा प्रसंगाचा फोटो नुसता लाईकसाठी नसतो, वेळ पडली तर तो पुरावा असतो. त्यात सॉफ्टवेअरने चेहरा "सुधारला" असेल तर तो पुरावा राहत नाही. म्हणून एक सोपा नियम ठेवा: माणसांचा फोटो घेताना फोनच्या लेन्सचं जेवढं खरं झूम आहे, ३ एक्स किंवा ५ एक्स, तिथेच थांबा. आणखी मोठं हवं असेल तर नंतर क्रॉप करा. आणि कुणाला फोटो द्यायचा असेल तर ओरिजिनल फाइल डिलीट करू नका.

आधी फोनवरच हे करून बघा

यातल्या एकाही गोष्टीला पैसे लागत नाहीत.

१. लांब उभे राहा. बारा मीटरच्या थरांपासून दहा मीटरवर उभे राहिलात तर वरच्या गोविंदाकडे बघायला मान ४५ अंशांहून जास्त वर करावी लागते. फोटोत येतात फक्त हनुवट्या आणि तळवे. तीस मीटरवर गेलात तर तोच कोन २० अंशांच्या आत येतो. समोरच्या इमारतीच्या पहिल्या-दुसऱ्या मजल्याची गॅलरी मिळाली, अर्थात विचारून, तर सोन्याहून पिवळं.

२. आभाळामुळे चेहरा काळा पडू देऊ नका. श्रावणातलं ढगाळ आभाळ पांढरं असतं. फोन त्याच्याकडे बघून एक्सपोजर कमी करतो आणि गोविंदा काळा पडतो. चेहऱ्यावर टॅप करून बोट दाबून धरा, फोकस आणि एक्सपोजर लॉक होईल. मग ब्राइटनेसची पट्टी थोडी वर सरकवा.

३. थांबलेला क्षण पकडा. प्रत्येक वेगवान हालचालीत एक क्षण असा असतो जेव्हा वेग जवळपास शून्य होतो. सलामी देणारा हात पूर्ण वर गेला की क्षणभर थांबतो. ढोलावर पडायच्या आधी टिपरू वरच्या टोकाला थबकतं. कबड्डीत उडी मारणारा रेडर उडीच्या माथ्यावर सगळ्यात संथ असतो. त्या क्षणाला १/१२५ शटरही पुरून उरतं. यासाठी कॅमेरा नाही, खेळ माहीत असावा लागतो. एखादं आवर्तन नुसतं ऐका, ताल डोक्यात बसला की बोट आपोआप वेळेवर पडतं.

४. बर्स्ट वापरा, पण मोजका. शटर बटण दाबून धरल्यावर किंवा एका बाजूला ओढल्यावर बहुतेक फोन सलग फोटो घेतात. आपल्या फोनमध्ये नेमकं कसं होतं ते कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी बघून ठेवा. क्षणाच्या किंचित आधी सुरू करा आणि लगेच सोडा.

५. प्रो मोड शिका. अनेक अँड्रॉइड फोनमध्ये शटर स्वतः ठरवता येतं. आयफोनच्या स्वतःच्या कॅमेरा अ‍ॅपमध्ये ते नाही, त्यासाठी वेगळं अ‍ॅप लागतं. नाचासाठी १/२५०, खेळासाठी १/५०० पासून सुरुवात करा. थोडा नॉइज चालेल, ब्लर नाही.

६. लाईटच्या पट्ट्या आल्या तर शटर १/१०० किंवा १/५० करून बघा. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची असल्याने बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. शटर त्याच्याशी जुळलं की पट्ट्या जातात. एलईडी स्क्रीनचा हिशेब मात्र वेगळा असतो, तिथे दोन-चार शटर स्पीड तपासूनच ठरवावं लागतं.

७. ४के व्हिडिओ हा दिवसाचा बॅकअप. ४के ६० एफपीएसमध्ये दर सेकंदाला ६० फ्रेम मिळतात आणि एकेक फ्रेम साधारण आठ मेगापिक्सेलची असते. स्टेटस आणि छोट्या प्रिंटसाठी ती पुरते. संध्याकाळी मात्र व्हिडिओतल्या फ्रेमही ब्लरच असतात.

बाजारात काय चाललंय, आणि आपला फायदा कुठे?

२०१० मध्ये जगभरात १२ कोटींच्या आसपास डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले होते. २०२३ मध्ये हा आकडा एक कोटीच्याही खाली होता. साधा कॅमेरा फोनने खाऊन टाकला. उरलेल्या बाजारात कंपन्या सगळं लक्ष मिररलेसकडे देत आहेत. कॅननचा १डी एक्स मार्क ३ आणि निकॉनचा डी६, दोन्ही २०२० चे. त्यांच्यानंतर या दोन कंपन्यांनी त्या दर्जाचा नवा डीएसएलआर आणलेला नाही.

मिररलेस पुढे का गेला? २०२१ च्या निकॉन झेड९ मध्ये यांत्रिक शटरच नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये जाहीर झालेला सोनी ए९ थ्री हा ग्लोबल शटर असलेला पहिला फुल-फ्रेम मिररलेस, सेकंदाला १२० फोटो. ग्लोबल शटर म्हणजे सेन्सरच्या सगळ्या ओळी एकाच क्षणी वाचल्या जातात. फोनमध्ये आणि साध्या इलेक्ट्रॉनिक शटरमध्ये त्या वरून खाली एकेक करून वाचल्या जातात, म्हणून जोरात फिरणारी बॅट वाकडी दिसते. शिवाय काही नव्या कॅमेऱ्यांत प्री-कॅप्चर आहे. बटण पूर्ण दाबायच्या आधीचे क्षणही कॅमेरा साठवून ठेवतो. माणसाचा चेहरा, डोळा, प्राणी ओळखून फोकस त्याच्या मागे धावतो.

हे सगळं भारी आहे, पण त्याची किंमत व्यावसायिकांच्या खिशाची आहे. विद्यार्थ्यासाठी खरी बातमी दुसरीच: व्यावसायिक मिररलेसकडे वळले की त्यांचे चांगले डीएसएलआर आणि लेन्स सेकंड-हँड बाजारात येतात. निकॉन डी७५०० सेकंदाला आठ फोटो काढतो, कॅनन ८०डी सात. नव्या पण स्वस्तातल्या कॅनन १५००डीचा वेग आहे सेकंदाला तीन. खेळ आणि दहीहंडीसाठी कोरा करकरीत तीनवाला की वापरलेला आठवाला, हे तुम्हीच सांगा! मिररलेसच हवा असेल तर सोनी ए६४०० किंवा कॅनन आर१० या वर्गापासून बघा. ऑटोफोकसमध्ये ते जुन्या डीएसएलआरच्या पुढे आहेत.

पैसे कुठल्या क्रमाने घालायचे?

आधी भाड्याने घ्या. पुणे, मुंबई, नाशिक, कोल्हापूर अशा शहरांत कॅमेरा आणि लेन्स दिवसावर भाड्याने मिळतात. दोन-तीन कार्यक्रम भाड्याच्या सामानावर करा. आपल्याला ५० एमएम लागते की ७०-२००, हे युट्यूब रिव्ह्यूपेक्षा त्या दोन दिवसांत जास्त कळतं.

मग लेन्स. ५० एमएम एफ/१.८ ही जवळपास प्रत्येक कंपनीची स्वस्तातली लेन्स. एफ/५.६ पेक्षा जवळजवळ दहापट प्रकाश देते. गॅदरिंग, हळद, आरती, स्टेजजवळचा नाच, सगळं यात येतं. दिवसाच्या मैदानी खेळाला ५५-२५० सारखी स्वस्त टेली पुरते, कारण ऊन फुकट आहे. इनडोअर कबड्डी किंवा रात्रीच्या सामन्यांसाठी ७०-२०० एफ/२.८ लागते. ती महाग असते, म्हणून काम असेल त्या दिवशी भाड्याने घ्या.

मग फ्लॅश. लग्नाच्या हॉलमध्ये फ्लॅश पांढऱ्या छताकडे वळवा, प्रकाश मऊ पडतो आणि हालचालही गोठते. मंडपाला लाल-पिवळं कापड असेल तर मात्र सगळ्यांना कावीळ होते, तिथे हे चालत नाही. थरावर चढलेल्या गोविंदावर आणि शर्यतीच्या बैलांवर फ्लॅश कधीही मारू नका.

शेवटी बॉडी. वापरलेली घेताना शटर काउंट बघा, एफ/१६ वर पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून सेन्सरवरचे डाग तपासा, आणि लेन्समधून टॉर्च मारून बुरशी शोधा. मुंबई-कोकणच्या दमट हवेत बंद बॅगेत पडून राहिलेल्या लेन्सला कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी लागते. बिल मागा. आणि घेतल्यावर हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा.

ईएमआयचा निर्णय एका प्रश्नावर सोडा: गेल्या तीन महिन्यांत फोनवर किंवा भाड्याच्या कॅमेऱ्यावर काढलेल्या फोटोंचे पैसे तुम्हाला कुणी दिले का? त्या पैशांतून महिन्याचा हप्ता निघत असेल तर कॅमेरा हे अवजार आहे, बिनधास्त घ्या. निघत नसेल तर तो छंद आहे. छंद वाईट नाही, पण तो हप्त्यावर नको. वापरलेल्या बॉडीवर आणि ५० एमएमवर सुंदर भागतं.

कॅमेरा हातात आल्यावर

गर्दीत फेस डिटेक्शन ऑटोवर सोडलं तर फोकस भलत्याच चेहऱ्यावर उडी मारतो. फोकसचा छोटा झोन निवडा, फोकस मोड सतत चालणारा ठेवा, आणि शटर ठरवून आयएसओ ऑटोवर सोडा. खेळासाठी १/१०००, नाचासाठी १/५००, भाषणासाठी १/१६०.

आणि प्रत्येक वेळी सगळं गोठवायलाच हवं असंही नाही. सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२१ मध्ये सशर्त परवानगी दिल्यापासून आणि मे २०२३ मध्ये राज्याचा कायदा वैध ठरवल्यापासून बैलगाडा शर्यती पुन्हा जोरात आहेत. १/२००० ला काढलेला बैल पार्क केल्यासारखा दिसतो! शटर १/६० करा, कमरेतून वळत बैलांच्या वेगाने कॅमेरा फिरवा, बटण दाबल्यावरही फिरणं थांबवू नका. बैल शार्प, मागची गर्दी रेषांची. याला पॅनिंग म्हणतात. पहिल्या पन्नासात दोन जमले तरी खूश व्हा. फोनवर हे भर उन्हात जमत नाही, कारण शटर एवढं खाली आणलं की फोटो पांढरा होतो. ढगाळ हवा किंवा उतरतं ऊन निवडा.

जीव आणि सेन्सर, दोन्ही सांभाळा

मिरवणुकीतला लेझर थेट लेन्समध्ये शिरला तर सेन्सरवर कायमची रेघ पडू शकते, फोनच्याही आणि कॅमेऱ्याच्याही. डोळ्यांना तर धोका आहेच. पुणे पोलिसांनी २०२४ च्या गणेशोत्सवात लेझर बीमवर बंदी घातली होती. तरी कुठे लेझर दिसला तर लेन्स दुसरीकडे वळवा. आयपी६८ रेटिंगची चाचणी साध्या स्वच्छ पाण्यात होते. रंग, गुलाल आणि समुद्राचं खारं पाणी त्यात येत नाही. शर्यतीच्या धावपट्टीच्या आत पाऊल टाकू नका, आणि थरांच्या पायथ्याशी घुसू नका. तिथली जागा हात देणाऱ्यांची असते. थर कोसळला तर पहिला फोटो नव्हे, पहिली वाट अँब्युलन्सला.

थोडक्यात सांगायचं तर

- दिवसा, जवळून, स्टेटससाठी: हातातला फोन पुरे. जागा आणि टायमिंग सुधारा.
- दिवसा, लांबून, खेळ: वापरलेली वेगवान बॉडी आणि स्वस्त टेली.
- संध्याकाळी, जवळून, लग्न-गॅदरिंग: कुठलीही बरी बॉडी आणि एफ/१.८ लेन्स.
- रात्री, लांबून, वेगवान: एफ/२.८ टेली भाड्याने, आणि तो खर्च गिऱ्हाईकाच्या बिलात.

पुढच्या कार्यक्रमाला जायच्या आधी एवढं करा. घराबाहेर संध्याकाळी सहा वाजता उभे राहा आणि प्रो मोडमध्ये १/२५०, १/५०० आणि १/१००० ला रस्त्यावरून जाणाऱ्या सायकलींचे वीस-वीस फोटो काढा. तुमचा फोन कुठे हात टेकतो ते अर्ध्या तासात कळेल. कॅमेरा घ्यायचा की नाही, याचं निम्मं उत्तर त्या साठ फोटोंतच मिळेल.